इन्स्टाग्रामवरची क्राफ्ट बिअर परभणीच्या बिअर शॉपीपर्यंत पोहोचायला नेमकी कुठे अडते?

छत्रपती संभाजीनगरजवळची वाळूज एमआयडीसी ही देशातल्या बिअर उत्पादनाच्या मोठ्या केंद्रांपैकी एक आहे. तिथून परभणी सुमारे २०० किलोमीटर. सकाळी निघालेला ट्रक दुपारपर्यंत पोहोचू शकतो.

म्हणजे बिअर बनवणारे कारखाने मराठवाड्यात आहेत आणि पिणारे ग्राहकही आहेत. तरीही परभणी, गंगाखेड, सेलू, जिंतूर अशा शहरांतल्या बिअर शॉपीचा फ्रीज उघडला की समोर येतात त्या बहुतेक दोन-तीन मोठ्या कंपन्यांच्याच बाटल्या, आणि त्यातही जास्त करून 'स्ट्राँग'. पुण्या-मुंबईच्या रील्समध्ये दिसणारी व्हीट बिअर, आयपीए, स्टाउट, मीड ही नावं मोबाइलवर रोज येतात, पण दुकानात विचारलं की सापडतील याची खात्री नाही.

याचं सोपं उत्तर दिलं जातं, "इकडे मागणी नाही." ते अर्धंच खरं आहे. मागणी आहे की नाही हे कळण्यासाठी बाटली आधी दुकानात यावी लागते. आणि ती दुकानात येण्याआधी परवाना, लेबल, ठोक विक्रेता, थंड साठवण आणि फ्रीजमधली जागा असे पाच टप्पे पार करावे लागतात. प्रत्येक टप्प्यावर मोठी कंपनी सहज पुढे जाते आणि छोटी अडते. कशी, ते पाहू.

आधी हे समजून घेऊ : क्राफ्ट बिअर म्हणजे काय?

सोप्या शब्दांत, कमी प्रमाणात बनवलेली आणि चवीवर भर देणारी बिअर. मोठ्या कारखान्यात तयार होणारी बहुतेक बिअर लागर प्रकारची असते. तिची चव हजारो किलोमीटरवर सारखीच राहावी यासाठी ती गाळली जाते, पाश्चराइज केली जाते. क्राफ्टवाले गव्हाची बिअर, कडवट आयपीए, कॉफीसारखी लागणारी स्टाउट असे प्रकार करतात. त्यातली बरीचशी बिअर गाळलेली किंवा पाश्चराइज केलेली नसते.

भारतात या लाटेची सुरुवात महाराष्ट्रातच झाली असं म्हणता येईल. २००९ मध्ये पुण्यात 'डूलाली' सुरू झाली. देशातल्या पहिल्या क्राफ्ट मायक्रोब्रुअरीजमध्ये तिचं नाव घेतलं जातं. नावाची गोष्टही आपल्याकडचीच आहे. नाशिकजवळच्या देवळालीत ब्रिटिशांची लष्करी छावणी होती. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तिथे अडकलेले सैनिक वैतागून वेडे व्हायचे, अशी ख्याती होती. त्यातून देवळालीचा अपभ्रंश होऊन इंग्रजीत 'डूलाली' हा 'वेडा' या अर्थाचा शब्द रूढ झाला.

त्यानंतर पुण्यात इंडिपेंडन्स, एफिनगट, ग्रेट स्टेट एलवर्क्स आले. मुंबईत व्हाइट आउल आलं आणि मुंबईच्या गेटवे ब्रुइंगने डोंबिवलीत बिअर बनवायला सुरुवात केली. मधापासून मीड बनवणारी मूनशाइन मीडरीही पुण्याचीच. नावं वाढली, पण व्यवसाय मुख्यतः पुणे-मुंबई पट्ट्यातच एकवटला.

टप्पा पहिला : परवाना कुठला, त्यावर सगळं ठरतं

दारू हा विषय घटनेनुसार राज्यांच्या यादीत येतो. माणसाने प्यायची दारू जीएसटीच्या बाहेर आहे. त्यामुळे 'एक देश, एक कर' हे सूत्र बिअरला लागू होत नाही. प्रत्येक राज्याचं उत्पादन शुल्क वेगळं, व्हॅट वेगळा, नियम वेगळे. बाटल्या आणि यंत्रांवर कंपनीने भरलेला जीएसटीही तिला विक्रीच्या करातून वजा करून मिळत नाही.

महाराष्ट्रात हा सगळा कारभार महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ या कायद्याखाली चालतो. नावात दारूबंदी असली तरी राज्यात दारू परवान्यावर विकली जाते. हे परवाने साधारण असे आहेत:

• एफएल-१ : ठोक विक्रेता
• एफएल-२ : वाइन शॉप
• एफएल-३ : परमिट रूम म्हणजे बार
• एफएल-बीआर-२ : बिअर शॉपी, म्हणजे फक्त बिअर आणि वाइन विकणारं दुकान

मायक्रोब्रुअरीचा परवाना या सगळ्यांपेक्षा वेगळा. तिथे बिअर जिथे बनते तिथेच ग्लासात ओतून विकायची, असा मूळ विचार आहे. कोरोनाच्या काळात टाक्यांमधली बिअर ओतून द्यायची वेळ आली, तेव्हा २०२० मध्ये राज्य सरकारने ती 'ग्राउलर'मध्ये, म्हणजे झाकणबंद मोठ्या बाटलीत भरून न्यायला परवानगी दिली. पण ग्राउलरमधली ताजी बिअर लवकर संपवावी लागते. ती साडेतीनशे किलोमीटर लांब परभणीच्या दुकानात ठेवून विकण्याची गोष्ट नाही.

थोडक्यात, रीलमध्ये नळातून ग्लासात पडताना दिसणारी बिअर बहुतेक वेळा बाटलीत भरून राज्यभर पाठवण्यासाठी बनलेलीच नसते. ती परभणीत हवी असेल तर परभणीतच मायक्रोब्रुअरी लागेल. त्यासाठी टाक्या, कूलिंग, प्रशिक्षित ब्रुअर असा मोठा खर्च आणि रोज ग्लासामागे चांगले पैसे मोजणारी गर्दी लागते.

टप्पा दुसरा : लेबलची नोंदणी आणि 'बिरा'ला बसलेला फटका

आता बाटलीत किंवा कॅनमध्ये येणाऱ्या क्राफ्ट ब्रँडकडे येऊ. कुठल्याही राज्यात बाटली विकायची तर तिचं लेबल त्या राज्याच्या उत्पादन शुल्क विभागाकडे मंजूर करून घ्यावं लागतं. गोव्यात मंजूर झालेलं लेबल महाराष्ट्रात चालत नाही. म्हणून तर बाटलीवर 'फक्त महाराष्ट्र राज्यात विक्रीसाठी' असं छापलेलं दिसतं.

या कागदपत्रांचं वजन किती असतं ते बिरा ९१ ला विचारा. २०१५ मध्ये अंकुर जैन यांनी सुरू केलेला हा ब्रँड. नावातला ९१ म्हणजे भारताचा टेलिफोन कोड. सुरुवातीला बेल्जियममध्ये बनणारी ही बिअर नंतर भारतातच बनू लागली आणि शहरांबाहेरच्या अनेकांसाठी 'क्राफ्ट बिअर' म्हणजे बिरा असं समीकरण झालं. जपानच्या किरिन कंपनीनेही त्यात पैसे घातले.

मग शेअर बाजारात उतरण्याच्या तयारीसाठी कंपनीने नावातला 'प्रायव्हेट' हा शब्द काढला. 'बी९ बेव्हरेजेस प्रायव्हेट लिमिटेड'चं 'बी९ बेव्हरेजेस लिमिटेड' झालं. बिअर तीच, कारखाने तेच, मालक तेच. पण राज्यांच्या लेखी कंपनीचं नाव बदललं होतं. त्यामुळे राज्याराज्यांत लेबलची नोंदणी नव्याने करावी लागली. त्यात चार ते सहा महिने गेले आणि त्या काळात मागणी असूनही अनेक ठिकाणी माल विकता आला नाही. जुन्या नावाची लेबलं लावलेला सुमारे ८० कोटी रुपयांचा साठा वाया गेला.

२०२३-२४ या आर्थिक वर्षात कंपनीची विक्री २२ टक्क्यांनी घसरून ६३८ कोटींवर आली आणि तोटा ७४८ कोटींवर गेला. म्हणजे तोटा विक्रीपेक्षाही मोठा. कंपनीच्या अडचणींचं हे एकमेव कारण नव्हतं, पण घसरणीला वेग इथूनच आला. ऑक्टोबर २०२५ मध्ये अडीचशेहून जास्त कर्मचाऱ्यांनी पगार थकल्याची तक्रार करत संस्थापकांना पदावरून हटवण्याची मागणी केल्याच्या बातम्या आल्या.

परदेशी गुंतवणूकदार पाठीशी असलेल्या कंपनीची ही गत झाली. मग पुण्यातल्या पाच-सहा टाक्यांच्या ब्रुअरीने दुसऱ्या राज्यात जायचं म्हटलं तर काय होईल, याचा अंदाज येऊ शकतो.

टप्पा तिसरा : खर्च सारखाच, बाटल्या मात्र कमी

परभणी महाराष्ट्रातच आहे, मग पुण्याच्या ब्रँडला लेबलची अडचण कशी, असा प्रश्न पडेल. अडचण मंजुरीची कमी आणि हिशेबाची जास्त आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा एखाद्या भागात माल पोहोचवण्यासाठी फी, प्रतिनिधीचा पगार, फिरती, गोदाम असा वर्षाचा ठरलेला खर्च एक लाख रुपये आहे. मोठ्या कंपनीने तिथे ५० हजार पेट्या विकल्या तर पेटीमागे हा खर्च पडतो दोन रुपये. छोट्या ब्रँडने ५०० पेट्या विकल्या तर पेटीमागे पडतात २०० रुपये. १२ बाटल्यांच्या पेटीत बाटलीमागे जवळपास १७ रुपये फक्त पोहोचण्याचेच झाले. कर आणि दुकानदाराचा नफा यानंतर येतो.

मधला दुवा म्हणजे ठोक विक्रेता. महाराष्ट्रात ठोक व्यापार खासगी परवानाधारकांकडे आहे. तो ज्या ब्रँडचा माल महिन्याला ट्रकने उचलतो, त्यालाच आधी जागा देणार. दहा पेट्यांसाठी वेगळी गाडी कोणी काढत नाही.

शेजारच्या तेलंगणात पद्धत वेगळी आहे. तिथे सरकारी महामंडळच सगळी दारू विकत घेतं आणि दुकानांना पुरवतं. तिथेही सगळं सुरळीत असतं असं नाही. जानेवारी २०२५ मध्ये थकबाकी आणि दरवाढीच्या वादातून किंगफिशर बनवणाऱ्या युनायटेड ब्रुअरीजने तेलंगणाचा पुरवठा काही दिवस थांबवला होता. ही कंपनी इतकी मोठी आहे की पुरवठा थांबवून ती सरकारला चर्चेला बसवू शकली. छोट्या ब्रँडने पुरवठा थांबवला तर त्याची बातमीही होणार नाही.

बाजार किती थोड्या हातांत आहे हे आणखी एका प्रकरणातून दिसलं. सप्टेंबर २०२१ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने बिअरचे दर संगनमताने ठरवल्याबद्दल युनायटेड ब्रुअरीज, कार्ल्सबर्ग आणि इतरांना मिळून सुमारे ८७३ कोटींचा दंड ठोठावला. माहिती देऊन सहकार्य केल्यामुळे एबी इनबेव्हला दंडातून सूट मिळाली. ज्या राज्यांतल्या दरांची तपासणी झाली, त्यात महाराष्ट्रही होता.

टप्पा चौथा : परभणीचा मे महिना

उन्हाळ्यात परभणीचा पारा ४२ अंशांच्या वर जाणं नवीन नाही. पाश्चराइज केलेली बिअर हा प्रवास बऱ्यापैकी सोसते. पाश्चराइज न केलेली बिअर मात्र कारखान्यापासून ग्राहकाच्या हातापर्यंत थंडच राहावी लागते, अगदी दुधासारखी. फरक इतकाच की दुधासाठी शीतसाखळी उभी आहे, क्राफ्ट बिअरसाठी ती जिल्ह्याच्या पातळीवर उभी करणं परवडत नाही.

उष्णतेने बिअरचा ताजेपणा जातो आणि तिला शिळ्या पुठ्ठ्यासारखी चव येते. उन्हाने वेगळंच नुकसान होतं. बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्समधल्या घटकांवर सूर्यप्रकाशाची प्रक्रिया होऊन उग्र वास येतो. बिअरच्या बाटल्या बहुधा तपकिरी असतात त्या याच कारणामुळे.

यातून एक चक्र तयार होतं. माल हळू विकला जातो म्हणून बाटली दुकानात जास्त दिवस राहते. जास्त दिवस राहिली म्हणून चव बिघडते. पहिल्यांदाच महाग बाटली घेतलेला ग्राहक म्हणतो, "यात काय एवढं?" आणि पुन्हा घेत नाही. दुकानदार पुढची ऑर्डर देत नाही. शेवटी निष्कर्ष निघतो की परभणीत मागणी नाही.

टप्पा पाचवा : फ्रीजमधली जागा आणि 'स्ट्राँग'चं गणित

भारतात विकल्या जाणाऱ्या बिअरचा बहुतांश वाटा स्ट्राँगचा आहे. स्ट्राँग म्हणजे ज्यात अल्कोहोल ५ ते ८ टक्के असतं. अनेक क्राफ्ट बिअर पाच टक्क्यांच्या आसपास असतात आणि किंमत मात्र जास्त. 'इतक्या पैशांत किती चढते' असा हिशेब करणाऱ्या ग्राहकासमोर त्या टिकत नाहीत. छोट्या शहरातल्या दुकानदाराच्या फ्रीजमध्ये मोजक्या ओळी असतात. ज्या बाटलीचा खप संध्याकाळपर्यंत नक्की आहे, तीच तो समोर ठेवणार.

बाटलीचंही एक अर्थकारण आहे. मोठ्या कंपन्यांच्या ठरावीक आकाराच्या बाटल्या भंगारवाल्यांमार्फत गोळा होतात, धुतल्या जातात आणि पुन्हा भरल्या जातात. वेगळ्या आकाराची देखणी बाटली वापरणाऱ्या छोट्या ब्रँडला हा फायदा मिळत नाही.

शिवाय दारूच्या जाहिरातीवर बंदी आहे. मोठे ब्रँड त्याच नावाचा सोडा, पाणी किंवा संगीताचे कार्यक्रम यांतून लोकांच्या डोळ्यांसमोर राहतात. छोट्याकडे उरतात इन्स्टाग्राम पेज आणि पुण्यातली टॅपरूम. त्यामुळे परभणीतल्या तरुणाला ब्रँडचं नाव माहीत असतं, चव माहीत नसते.

मराठवाड्याचं पाणी आणि मराठवाड्याचा फ्रीज

या सगळ्यात मराठवाड्याला टोचणारी एक बाजू आहे. वाळूजच्या उद्योगांना एमआयडीसीमार्फत जायकवाडीचं पाणी मिळतं. त्याच जायकवाडीचा डावा कालवा जालन्यातून परभणी जिल्ह्यात येतो आणि शेतीला पाणी देतो. २०१६ च्या दुष्काळात, लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागत होतं तेव्हा, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेला. न्यायालयाने बिअर आणि दारूच्या कारखान्यांच्या पाण्यात आधी ५० आणि नंतर ६० टक्के कपात करण्याचा आदेश दिला.

म्हणजे बिअरसाठी लागणारं पाणी कुणी द्यायचं, या वादात मराठवाडा मध्यभागी असतो. बाजारात कोणती बिअर, कोणत्या दर्जाची, किती ताजी मिळणार, हे ठरवताना मात्र तो यादीत शेवटी असतो.

मग 'जुगाड' करणाऱ्यांचं काय?

जिथे अधिकृत पुरवठा कमी, तिथे दुसरे रस्ते उघडतात. ते जोखमीचे आहेत.

गोव्याहून बाटल्या आणणं हा सगळ्यांत परिचित प्रकार. पण फक्त गोव्यात विक्रीसाठी असलेली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे. 'सगळेच आणतात' हा बचाव नाकाबंदीत चालत नाही.

दुसरा प्रकार ऑनलाइनचा. वाइन शॉपच्या नावाने नंबर टाकून, घरपोच देतो सांगून आगाऊ पैसे घ्यायचे आणि गायब व्हायचं, अशा फसवणुकी लॉकडाऊनपासून अनेक शहरांत उघड झाल्या आहेत. दुर्मिळ ब्रँडच्या शोधात असलेला ग्राहक अशा जाळ्यात लवकर सापडतो.

अधिकृत दुकानातून घेतानाही चार गोष्टी पाहता येतात: उत्पादनाची तारीख, 'महाराष्ट्रात विक्रीसाठी' हा उल्लेख, छापील किंमत आणि पावती. महाराष्ट्रात बिअरसाठी किमान वय २१ आहे आणि कायद्यानुसार पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो.

पुढे काही बदलेल का?

बिअरचा खप घटतोय म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्य सरकारने बिअरवरच्या शुल्काचा विचार करण्यासाठी अभ्यासगट नेमला. जून २०२५ मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क निर्मिती खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं गेलं, तेव्हा बिअर आणि वाइनला त्यातून वगळलं. व्हिस्की-रमच्या तुलनेत बिअर थोडी स्वस्त राहिली. पण शुल्काची ही सवलत मोठ्या आणि छोट्या ब्रँडला सारखीच आहे. छोट्याची अडचण पोहोचण्याच्या खर्चाची आहे, ती यातून सुटत नाही.

दुकानांच्या संख्येचाही प्रश्न आहे. राज्यात जवळपास ५० वर्षं वाइन शॉपचे नवे परवाने दिले गेलेले नाहीत. २०२५ मध्ये ३२८ नव्या परवान्यांचा प्रस्ताव चर्चेत आला आणि लगेच वादात सापडला. हा विरोध केवळ राजकीय नाही. 'उभी बाटली, आडवी बाटली' मतदानातून गावोगावच्या महिलांनी दुकानं बंद पाडली आहेत. त्यांच्यासाठी प्रश्न कोणता ब्रँड हा नसून घरात उरणाऱ्या पैशांचा आणि शांततेचा आहे. घटनेतलं ४७ वं कलमही सरकारला दारूबंदीच्या दिशेने जायला सांगतं.

त्यामुळे 'परभणीत क्राफ्ट बिअर आली पाहिजे' यावर सगळ्यांचं एकमत होईल असं नाही. पण आज ती येते की नाही, हे ना गावातल्या महिला ठरवत, ना ग्राहक. ते ठरवतो पेटीमागचा खर्च. छोट्या ब्रुअरींनी एकत्र येऊन एकाच गाडीतून, एकाच थंड गोदामातून माल पाठवला तर हा खर्च कमी होऊ शकतो. मायक्रोब्रुअरीला जवळच्या जिल्ह्यांतल्या परमिट रूमला केग पुरवणं सोपं केलं तरीही फरक पडेल. यापैकी काही घडलं, तर संभाजीनगरपर्यंत पोहोचलेला ब्रँड जालना, परभणी, नांदेडच्या रस्त्याला लागायला वेळ लागणार नाही. तोवर वाळूजहून निघालेले ट्रक परभणीत येत राहतील, फक्त त्यांतल्या पेट्यांवर तीच ओळखीची नावं असतील.